एका देशाचे दोन झेंडे



झेंडा म्हणजे तसं पाहिलं तर एक कापड. पण त्या कापडापायी किती जीव गेले आणि किती घरं दुभंगली, हे व्हिएतनामचे झेंडे पाहिले की कळतं. आज त्यांचीच गोष्ट सांगते.

आज व्हिएतनामचा झेंडा लाल आहे, मधोमध पाच टोकांचा पिवळा तारा. लाल रंग क्रांतीचा आणि सांडलेल्या रक्ताचा, पिवळा तिथल्या जनतेचा. पाच टोकं म्हणजे कामगार, शेतकरी, सैनिक, शिकलेली मंडळी आणि तरुण, असं सांगतात. हा झेंडा पहिल्यांदा फडकला तो २३ नोव्हेंबर १९४० रोजी, दक्षिणेत फ्रेंच सत्तेविरुद्ध झालेल्या उठावात. फ्रेंचांनी उठाव चिरडला. सायगॉनमध्ये कम्युनिस्ट पक्षाचं काम करणारी न्युयेन थी मिन्ह खाई त्याआधीच पकडली गेली होती. १९४१ मध्ये तिला गोळ्या घातल्या. ती जेमतेम तिशीची होती आणि मागे तान्ही म्हणावी अशी लेक होती. २ सप्टेंबर १९४५ रोजी हनोईत हो ची मिन्ह यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं आणि हाच झेंडा नव्या राज्याचा झाला.

दुसरा झेंडा पिवळा, त्यावर तीन लाल आडवे पट्टे. पिवळा हा तिथल्या राजघराण्याचा रंग. फ्रेंचांनी देशाचे उत्तर, मध्य आणि दक्षिण असे तीन भाग पाडले होते. तीन पट्टे म्हणजे ते तीन भाग, पण रक्त एकच. बादशहा बाओ दाई यांच्या बाजूच्या सरकारने १९४८ मध्ये तो स्वीकारला. पुढे तो दक्षिण व्हिएतनामचा झेंडा झाला.

१९५४ मध्ये जिनिव्हा करारानं देशाची फाळणी झाली. करार पाळला जातो का, हे पाहणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपद आपल्या भारताकडे होतं. सीमा ठरली बेन हाय नदी. तिच्यावरच्या हिएन लुआँग पुलाच्या दोन टोकांना दोन झेंडे लागले आणि चढाओढ सुरू झाली. एकानं काठी उंच केली की दुसरा त्याहून उंच करी. शेवटी उत्तरेची काठी ३८ मीटरच्या वर गेली आणि झेंडाही भलामोठा झाला! बॉम्बनं, वाऱ्यानं तो फाटायचा. मग कोणीतरी बाई सुईदोरा घेऊन तो सांधत बसायची. नदीच्या दोन्ही काठांवर नातीगोती होती. पलीकडचं माणूस दिसायचं, पण भेटता येत नव्हतं.

१९६० मध्ये तिसरा झेंडा आला. दक्षिणेत सरकारविरुद्ध लढणाऱ्या मुक्ती आघाडीचा. वर लाल, खाली निळा, मधे तोच तारा. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगॉनच्या राजवाड्यावर चढला तो हाच झेंडा. पुढच्या वर्षी देश एक झाला आणि लाल झेंडा सगळ्यांचा ठरला.

खरंच सगळ्यांचा का? लाखो माणसं होड्यांतून देश सोडून गेली. कित्येक समुद्रातच बुडाली. जे वाचले, त्यांनी अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात पिवळा झेंडा जपला. कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या वस्त्यांत तो आजही फडकतो. ३० एप्रिलला व्हिएतनाममध्ये विजयाचा सण असतो आणि परदेशातल्या या घरांत सुतक.

मैत्रिणींनो, लाल झेंड्याखाली कुणाचा मुलगा पडला, पिवळ्याखालीही कुणाचा तरी पडलाच. आईला रंग विचारून दुःख होत नाही. म्हणून दुसऱ्याच्या झेंड्याला नावं ठेवण्याआधी, त्याच्यामागे कुणाचं घर रिकामं झालं, एवढं विचारावं.