सातबाऱ्याची मांडणी आणि चिकलठाण्याचा खातेदार

छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचे औरंगाबाद) पूर्वेस, जालना रस्त्यावर वसलेले चिकलठाणा आज विमानतळ व औद्योगिक वसाहत यांमुळे ओळखले जाते. या जमिनीवर पूर्वी शेती होती. ती कोणाची, किती व कोणत्या बोज्याखाली, हे गावच्या दप्तरावरून ठरे. परंतु ते दप्तर कोणास वाचता यावे अशा बेताने रचले होते, हा प्रश्न महसुलाच्या इतिहासात क्वचितच विचारला गेला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हैदराबाद संस्थानच्या वरिष्ठ कारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली. येथील खातेदार मात्र मराठी बोलत होता. सनही फसली. १३१७ फसलीचा जमीन महसूल कायदा इसवी सन १९०७-०८ चा, हे कळण्यास सुमारे ५९० मिळवावे लागत. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि पुढे १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता व १९७१ चे अधिकार अभिलेख नियम लागू झाले. अशा रीतीने भाषा व सन बदलले. मेट्रिक पद्धतीने मापही बदलले.

मापाचा घोटाळा विशेष उद्बोधक आहे. गुंठा सुमारे १०१ चौरस मीटर, आर १०० चौरस मीटर. म्हणजे दोन्ही जवळजवळ सारखेच. परंतु एकर चाळीस गुंठ्यांचा, हेक्टर शंभर आरांचा. जुन्या कागदावरील २.३० म्हणजे दोन एकर तीस गुंठे. हेक्टरांत तेच क्षेत्र १.११ होते. एकरांत विचार करणाऱ्यास नव्या कागदावर आपली जमीन निम्म्याहून कमी झाली असे वाटल्यास नवल नाही. अंकांचा वेष एकच, अर्थ मात्र दोन.

सातबारा हे नावच कचेरीतून आले आहे. गाव नमुना सात हक्काचा, बारा पिकांचा. हिशेबाच्या फडातील अनुक्रमांक लोकांच्या तोंडी मालमत्तेचे नाव होऊन बसले, आणि कर्जमुक्तीस ‘सातबारा कोरा होणे’ असा वाक्प्रचारही मिळाला. नोंदींची रचना मात्र तलाठ्याच्या सोयीची होती. फेरफाराचे क्रमांक वर्तुळांत दाटीने लिहिले जात. मयत खातेदाराचे नाव व फिटलेला बोजा केवळ कंसात टाकला जाई. कंस म्हणजे रद्द, हे कागदावर कोठेही लिहिलेले नसे. वस्तुतः संहितेच्या कलम १५७ प्रमाणे ही नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. तेव्हा वाचनातील चूक क्षुल्लक नव्हे.

सप्टेंबर २०२० मध्ये शासनाने नमुन्यात बदल केले. कंसाऐवजी आडवी रेघ आली. दोन खातेदारांच्या नावांमध्ये तुटक रेषा आली. लागवडीयोग्य क्षेत्र, पोटखराबा व एकूण क्षेत्र वेगळे दिसू लागले. शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक तसेच प्रलंबित फेरफार यांनाही जागा मिळाली. यांतील शेवटची सुधारणा सर्वांत मोलाची होय, कारण जमीन घेणाऱ्यास वाद अथवा व्यवहार अर्धवट आहे हे पूर्वी त्या कागदावरून कळत नसे. ‘इतर हक्क’ या रकान्यातील कायद्याची परिभाषा मात्र तशीच राहिली.

चिकलठाण्यासारख्या गावाच्या दृष्टीने आणखी एक तरतूद लक्षणीय आहे. बिनशेती जमिनीचे क्षेत्र आर व चौरस मीटरमध्ये दाखवावयाचे, आणि तेथे गाव नमुना बाराची आवश्यकता नाही अशी सूचना छापावयाची. अशा जमिनीच्या सातबाऱ्यातून बारा गेला आहे. नाव मात्र सातबाराच.