उपकरण चालक (संगणक)

उपकरण चालक किंवा ड्रायव्हर ही संगणकाची संचालन प्रणाली आणि त्याला जोडलेली प्रिंटर, स्कॅनर यांसारखी उपकरणे यांच्यात दुवा साधणारी आज्ञावली होय. चालक विशिष्ट प्रणालीसाठी लिहिलेला असतो. त्यामुळे प्रणालीचे उन्नयन केल्यावर सुस्थितीतील उपकरणही निकामी भासू शकते.

कारणे

विंडोज व्हिस्टाच्या (२००७) ६४-बिट आवृत्तीत प्रणालीच्या गाभ्यात चालणाऱ्या चालकांना अंकीय स्वाक्षरी सक्तीची झाली. ३२-बिट प्रणालीसाठीचे असे चालक ६४-बिट प्रणालीत चालत नाहीत. विंडोज ११ (२०२१) केवळ ६४-बिट स्वरूपात आहे व तिला टीपीएम २.० आवश्यक आहे. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले.

उद्योगांवरील परिणाम

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी व टेरी टॉवेल विणणारे कारखाने आहेत. इलेक्ट्रॉनिक जॅकार्डसाठीची नक्षी संगणकावर तयार होते. माग अनेक वर्षे टिकतो, प्रणाली मात्र लवकर बदलते. नक्षीच्या आज्ञावलीच्या डोंगलसाठी निर्मात्याने नवा चालक काढला नाही, तर माग सुस्थितीत असूनही नव्या नक्षीचे काम अडते.

उपाय

उन्नयनापूर्वी सर्व उपकरणांचे नवे चालक उपलब्ध आहेत का ते पडताळावे आणि नक्षींसह संपूर्ण डिस्कची प्रत ठेवावी. केवळ चालक बदलल्याने बिघाड झाल्यास डिव्हाइस मॅनेजरमधून पूर्वीचा चालक परत आणता येतो. विंडोज ११ वरून पूर्वीच्या प्रणालीकडे परतण्यास सामान्यतः १० दिवसांची मुदत असते. जुनी प्रणाली ठेवणे अपरिहार्य असल्यास तो संगणक आंतरजालापासून अलग ठेवावा.