खरखरीचा इतिहास : माणगावातून मीडियम वेव्ह

२३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचे उद्घाटन झाले. प्रक्षेपकाची ताकद दीड किलोवॅट. चांगले ऐकू येण्याचा पल्ला साधारण तीस मैल धरला जाई. नकाशावर कंपासाने तेवढे वर्तुळ काढले तर पनवेल, उरण, अलिबाग आत येतात. माणगाव मुंबईपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास, म्हणजे वर्तुळाच्या दुप्पट अंतरावर. कंपनी १९३० साली बुडाली, सरकारने कारभार हाती घेतला, १९३६ मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आले, आणि पुढे मुंबईची ताकद शंभर किलोवॅटपर्यंत गेली. साठ पटींहून जास्त. तरीही आज माझ्या माजघरात दुपारी १०४४ किलोहर्ट्झवर काटा नेला तर निवेदिकेच्या आवाजाआधी खरखर ऐकू येते.

प्रक्षेपणाचा इतिहास लिहिला गेला आहे: केंद्रे, तारखा, संचालक, गाजलेले कार्यक्रम. ऐकण्याचा इतिहास मात्र कोणी मनावर घेतलेला दिसत नाही. माझ्या मते कोकणात तो मुख्यतः गोंगाटाचा इतिहास आहे. पूर्वी ध्वनी क्षीण होता पण आसमंत स्वच्छ होता. आता ध्वनी दणकट आहे आणि आसमंत मळला आहे. गेली काही वर्षे मी घरी तारेच्या चौकटी बांधून मीडियम वेव्ह ऐकतो आहे, ते या मळाचा माग काढण्यासाठी.

विजेच्या मळाला कंटाळून शहर सोडणारे पहिले लोक आमच्याच जिल्ह्यात आले होते. मुंबईच्या कुलाब्याची वेधशाळा पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी करी. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरल्यावर त्या प्रवाहांनी नोंदी बिघडतील हे उघड झाले. नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. लोखंडाचा स्पर्श नको म्हणून पोरबंदरचा दगड वापरला गेला. दोन वर्षे दोन्हीकडे समांतर नोंदी घेऊन १९०६ मध्ये काम अलिबागला नेले. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. (एका कुलाब्यातून निघून वेधशाळा कुलाबा जिल्ह्यातच आली, हा नावांचा योगायोग. जिल्ह्याचे नाव 'रायगड' झाले ते १९८१ मध्ये.) ट्रामचा त्रास आणि रेडिओतली खरखर या भौतिकीच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी आहेत. तिथे मंद गतीचे चुंबकत्व बिघडत होते, इथे चार्जर आणि एलईडी दिव्यांतली सेकंदाला हजारो वेळा होणारी उघडझाप त्रास देते. पण गाऱ्हाणे एकच. मूस यांना जागा बदलता आली. श्रोत्याला तेवढी सोय नसते. तो फार तर चौकट फिरवू शकतो.

चौकट ही रेडिओइतकीच जुनी. १८८७-८८ मध्ये कार्ल्सरूहला हाइनरिख हर्ट्झ यांनी रेडिओलहरी पकडल्या त्या तारेच्या कड्यातच, कड्याच्या फटीत उडणारी बारीकशी ठिणगी पाहून. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर फर्डिनांड ब्राऊन यांनी चौकटीच्या ॲंटेनावर प्रयोग केले. चौकटीचा गुण असा की तिची कड प्रक्षेपकाकडे असेल तर आवाज भरभरून येतो आणि तिचे तोंड प्रक्षेपकाकडे केले तर आवाज जवळजवळ नाहीसा होतो. हा नाहीसा होण्याचा कोन फार नेमका असतो, म्हणून दिशा शोधायला तोच वापरतात. १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांचे सहकारी काँग्रेस रेडिओ चालवताना मुंबईत जागा बदलत राहिले, ते दिशा शोधत फिरणाऱ्या पोलिसी गाड्यांना चुकवण्यासाठी. ते प्रक्षेपण शॉर्टवेव्हवर होते, पण दिशा काढण्यामागचे तत्त्व हेच.

माझी चौकट साधी आहे. दोन बांबू फुलीसारखे बांधलेले, दोन फूट बाजूचा चौरस, त्यावर मोटर वाइंडिंगवाल्याकडच्या तांब्याच्या तारेचे दहा-अकरा वेढे, वेढ्यांत अर्ध्या सेंटिमीटरचे अंतर. तारेची दोन टोके भंगारातल्या व्हॉल्व्हच्या रेडिओतून काढलेल्या गँग कंडेन्सरला. वीज नाही, सेल नाही. ट्रान्झिस्टर शेजारी ठेवला की त्याच्या पोटातली फेराइटची कांडी चौकटीकडून आपोआप लहर घेते. जोडणारी तार लागत नाही. गँग फिरवत नेला की एका जागी केंद्र अचानक उसळून वर येते. पावसाळ्यात बांबू ओल धरतो, वेढे सैल पडतात आणि ती जागा सरकते. एक चौकट सागवानी पट्ट्यांची केली. ती दिसते छान, पण ऐकण्यात तसूभर फरक नाही.

माणगावची जागा मात्र या खेळासाठी जणू मुद्दाम निवडलेली आहे. इथून मुंबईचा प्रक्षेपक वायव्येला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. पुणे ताम्हिणीच्या पलीकडे, पूर्व-ईशान्येला. दोन्ही दिशांमधला कोन जवळजवळ काटकोन. १०४४ वर मुंबई भरात असताना चौकट न हलवता नुसता गँग आणि काटा ७९२ वर आणला तर पुणे मेलेले असते. चौकट पाव फेरा फिरवली की सह्याद्रीपलीकडून उठून उभे राहते. ११४३ वरची रत्नागिरी सरळ दक्षिणेला. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्राने गीतरामायण दिले, मुंबईने 'पुन्हा प्रपंच' दिले. घाटाखालच्या श्रोत्याला त्या दोन संस्कृती खरोखरच दोन दिशांनी येत होत्या, हे मला चौकट बांधेपर्यंत कधी जाणवले नव्हते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्याला धडकले. विजेचे खांब आडवे झाले, मोबाइल मुके झाले, सुपारीच्या बागा झोपल्या. त्या रात्री सेलवरचा ट्रान्झिस्टर चौकटीशेजारी ठेवला तेव्हा डायलवर खरखर नव्हती. गावात एकही दिवा नाही, एकही चार्जर नाही. दूरच्या विजांची तडतड तेवढी, तीही १९२७ च्या श्रोत्याने ऐकली असेल तशीच. मुंबई, पुणे, रत्नागिरी स्वच्छ लागली, आणि त्यांच्यामधल्या रिकाम्या जागांत रात्री आयनमंडलावरून परतून येणारी, नाव न कळणारी केंद्रेही. वादळाच्या बातम्या आम्ही आळीतल्या लोकांनी त्याच बांबूच्या फुलीभोवती बसून ऐकल्या. तरुण पोरे वायर कुठे लावली आहे ते शोधत होती. पुढे वीज टप्प्याटप्प्याने आली, तशी माझ्या वहीत खरखर कोणत्या दिशेने परतली याची नोंद होत गेली: आधी बाजारपेठेकडून, मग आमच्या मागच्या आळीतून.

कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले आणि माणगाव स्टेशनावरून विजेची इंजिने जाऊ लागली. डिझेलचा धूर गेला हे चांगलेच झाले; त्याबद्दल कुरकुर करणारा मी नव्हे. पण वरच्या तारेवरून टपाचा पट्टा घासत जातो तेव्हा ठिणग्या उडतात, आणि ठिणगी म्हणजे हर्ट्झपासून चालत आलेला रेडिओ प्रक्षेपकच. माझे घर रुळांच्या पूर्वेला. गाडी समोर आली की चौकटीचे तोंड पश्चिमेला करायचे. तडतड बरीचशी गळून जाते. त्या अवस्थेत रत्नागिरी पूर्ण भरात असते, मुंबई थोडी उतरते पण ऐकू येते. पुणे मात्र चौकटीच्या आंधळ्या बाजूजवळ पडते आणि निम्म्याहून कमी राहते. पुणे ऐकायचे असेल तर गाडी इंदापूरच्या दिशेने लांब जाईपर्यंत थांबावे लागते.