धूर, वाफ आणि व्हर्जन नंबर

गेल्या रविवारी सकाळी पुण्याहून एका मित्राचा फोन आला. (नाव लिहीत नाही, लेकाचा हे वाचणार आहे.) कॉलेजात आम्ही दोघांनी एकाच टपरीवर, एकाच आठवड्यात सिगरेट सुरू केली. मी सोडून काही वर्षं झाली, त्याची अजून चालू आहे. मागच्या महिन्यात त्याची अँजिओप्लास्टी झाली. वय ४४.

"डिसेंबरात येतोयस ना? मग तू ज्या ई-सिगरेटवर सोडलीस ना, तसली एक घेऊन ये. पहिल्यांदा घेणाऱ्यानं कुठली घ्यायची ते तूच ठरव."

पहिलं उत्तर मी फोनवरच देऊन टाकलं. आणणार नाही. भारतात १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम निघाला आणि त्याच डिसेंबरात कायदा झाला. त्यानुसार ई-सिगरेट बनवणं, विकणं, आयात करणं, साठवणं, जाहिरात करणं, सगळ्यालाच बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. मित्रासाठी बरंच काही करेन, पण हे नाही.

"पहिल्यांदा घेणाऱ्यानं कुठली घ्यावी" हा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. कारण ई-सिगरेटचा अख्खा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाची एकामागून एक चुकलेली उत्तरं आहेत. आणि त्या चुका समजल्या तर पुण्यात बसलेल्या माणसालाही त्यांचा उपयोग आहे, असं माझं मत झालंय. कसं ते शेवटी सांगतो.

सुरुवात साठच्या दशकात. पेनसिल्व्हेनियातल्या हर्बर्ट गिल्बर्ट या गृहस्थाने १९६३ साली धूर नसलेल्या, तंबाखू नसलेल्या सिगरेटच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९६५ साली पेटंट मिळालंही. बॅटरीवर गरम होणारी, चवीची दमट हवा देणारी नळी. आकार बरोबर, कल्पना बरोबर, फक्त निकोटिन नव्हतं. ती कधी बाजारात आलीच नाही. म्हणजे आमच्या भाषेत, यूजर इंटरफेस तयार आणि मागे डेटाबेसच नाही.

दुसरीकडे १९६७ च्या सुमारास स्वीडनमध्ये बरोबर उलटं चाललं होतं. पाणबुडीतल्या नौसैनिकांना आत सिगरेट ओढता येत नसे, म्हणून ते तोंडात तंबाखू धरत आणि त्यावर त्यांचं भागत असे. हे एका शास्त्रज्ञाने ओव्हे फर्नो या आपल्या रसायनशास्त्रज्ञ मित्राला कळवलं. फर्नो स्वतः सिगरेटवाला. त्यातून निकोटिनचं च्युइंगगम तयार झालं. स्वित्झर्लंडमध्ये ते १९७८ ला आलं, अमेरिकेत १९८४ ला. इथे निकोटिन होतं, पण झुरका नव्हता, हातात धरायला काही नव्हतं, आणि मुख्य म्हणजे वेग नव्हता. सिगरेटचं निकोटिन फुप्फुसातून दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं. गमचं तोंडाच्या अस्तरातून हळूहळू झिरपतं. पॅचचं त्याहून हळू.

याच काळात लंडनमध्ये मायकल रसेल हे मानसोपचारतज्ज्ञ एक साधी गोष्ट सांगत होते. माणूस ओढतो निकोटिनसाठी, पण मरतो तो धुरातल्या बाकीच्या गोष्टींनी. निकोटिनची सवय लागते, नाडी आणि रक्तदाब वाढतो, ते निरुपद्रवी अजिबात नाही. पण कर्करोग होतो तो मुख्यतः तंबाखू जळताना तयार होणाऱ्या रसायनांनी. मग न जाळता निकोटिन दिलं तर? हे वाक्य कागदावर सोपं आहे. यंत्रात उतरवायला आणखी तीसएक वर्षं गेली.

ते उतरवलं चीनमधल्या शेनयांगच्या हॉन लिक या औषधशास्त्रज्ञाने. तो दिवसाला दोन-तीन पाकिटं ओढायचा. त्याच्या वडिलांनाही सिगरेट होती आणि त्यांना फुप्फुसाचा कर्करोग झाला. तो स्वतः पॅच लावायचा. एकदा रात्री पॅच काढायला विसरला आणि विचित्र स्वप्नं पडली, असं त्याने मुलाखतींतून सांगितलंय. २००३ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला, २००४ साली चीनमध्ये माल बाजारात आला. नाव 'रूयान', म्हणजे 'धुरासारखं'. त्याच्या मूळ रचनेत द्रावणाचे तुषार करायला अल्ट्रासॉनिक कंपनं होती. पुढे जगभर जे पसरलं ते त्याहून सोपं: एक बॅटरी, तारेचं एक कॉइल, द्रावण शोषणारी एक वात. देवघरातल्या निरांजनाचं तत्त्व, फक्त वात पेटत नाही, तापते. द्रावण म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वास आणि निकोटिन.

हे व्हर्जन १.० यूरोप-अमेरिकेत २००६-०७ पासून पोचलं. इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ ला बंदिस्त सार्वजनिक जागांत सिगरेटबंदी आली. ओढणारे पबच्या बाहेर थंडीत कुडकुडत उभे, आणि आत बसून ओढता येईल अशी वस्तू बाजारात. मुहूर्त बघा!

मी लीड्सला आलो २०११ ला. दिवसाला पंधरा-सोळा चालू होत्या. २०१२ च्या जानेवारीत पेट्रोल पंपावरच्या दुकानातून पहिली ई-सिगरेट घेतली. हुबेहूब सिगरेट! पांढरी दांडी, मागे पिवळट फिल्टर, झुरका घेतला की टोकाला दिवा लागायचा. पहिले दोन दिवस मी खूष. चौथ्या दिवशी ती सतत तोंडात, तरी तलफ जाईना. दुपारी बॅटरी मान टाकायची. तिसऱ्या आठवड्यात एका रिलीजच्या रात्री दोन वाजता मी चालत जाऊन सिगरेटचं पाकीट आणलं. बायकोला वाटलं, माझ्यात दम नाही. मलाही तसंच वाटलं.

दम माझ्यात कमी होताच, पण यंत्रात त्याहून कमी होता. हे मला बऱ्याच नंतर कळलं. २०१० सालीच व्हर्जिनियात थॉमस आयझनबर्ग यांनी तेव्हाच्या दोन ई-सिगरेटी लोकांना ओढायला देऊन रक्त तपासलं होतं. दहा झुरक्यांनंतरही रक्तातलं निकोटिन म्हणावं तसं वाढलंच नव्हतं. गणित शाळेतलंच आहे. वीज बरोबर व्होल्टचा वर्ग भागिले रोध. पण बॅटरीच इवलीशी, कॉइल जेमतेम तापणार, वाफ थोडी, वाफेतलं निकोटिन त्याहून थोडं. सिगरेटसारखं *दिसायचं* या हट्टापायी बॅटरीला जागाच उरली नव्हती. बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटीपायी प्रॉडक्ट मारल्याची उदाहरणं आपण ऑफिसात रोज बघतो, त्यातलंच हे एक.

सुटका झाली ती हा हट्ट सोडल्यावर. जॉयटेक या चिनी कंपनीने 'ईगो' नावाची जाड, पेनासारखी बॅटरी आणली, साधारण ६५० मिलिअँपियर-तासांची. ती दिवसभर चालायची. वर द्रावण भरता येईल अशी पारदर्शक टाकी. आणि टाकी-बॅटरी जोडणारे आटे त्याच कंपनीच्या '५१०' या जुन्या मॉडेलचे. ते आटे इतरांनीही उचलले आणि कुठल्याही समितीने न ठरवता '५१०' हे मानक होऊन बसलं. एकाची टाकी दुसऱ्याच्या बॅटरीवर बसू लागली. यूएसबीची आठवण येते की नाही?

२०१३ च्या शरद ऋतूत मी परत प्रयत्न केला. या वेळी बाजारातल्या एका छोट्या गाळ्यात गेलो. गाळ्यावरच्या बाईंनी काही दाखवण्याआधी दोन प्रश्न विचारले. दिवसाला किती? आणि उठल्यावर पहिली किती वेळात? मी म्हटलं पंधरा-सोळा, आणि चहाबरोबर, म्हणजे वीस मिनिटांत. त्या म्हणाल्या, "मग तुम्हाला सहाचं द्रावण पुरायचं नाही. अठराचं घ्या." म्हणजे मिलिलिटरला १८ मिलिग्रॅम. झुरका सिगरेटसारखा फटकन ओढायचा नाही, लांब आणि सावकाश ओढायचा, हेही त्यांनीच शिकवलं. शिवाय दोन बॅटऱ्या घ्यायला लावल्या, "कारण एक संपली की तुम्ही पाकीट आणणार." मला वाटलं, धंदा करतेय बाई. पण ती खरं सांगत होती.

पहिल्या दिवशी ठसका लागला. आठव्या दिवशी लक्षात आलं की कालपासून सिगरेट आठवलीच नाही. पुढे अठराचे बारा, बाराचे सहा, सहाचं शून्य. २०१६ च्या मार्चमध्ये ते यंत्र खणात गेलं.

एका माणसाच्या अनुभवावर काही ठरत नाही, हे मान्य. म्हणून दोन चाचण्या शेजारी ठेवून बघू. २०१३ साली न्यूझीलंडमध्ये ६५७ जणांवर पहिली मोठी चाचणी झाली, सिगरेटसारख्या दिसणाऱ्या त्या जुन्या पिढीच्या यंत्रावर. सहा महिन्यांनी सिगरेट सुटलेले: निकोटिनची ई-सिगरेट ७.३ टक्के, पॅच ५.८ टक्के. फरक नगण्य. २०१९ साली इंग्लंडमध्ये ८८६ जणांवर दुसरी झाली. इथे भरता येणारी टाकी, सोबत १८ मिलिग्रॅमची एक बाटली, आणि पुढचं द्रावण आपल्या आवडीचं घ्या अशी सूचना. वर्षाने सुटलेले: ई-सिगरेट १८ टक्के, गम-पॅच वगैरे ९.९ टक्के. इथे दोन्ही गटांना दर आठवड्याला भेटून समुपदेशनही होतं, म्हणून दोन चाचण्यांची सरळ तुलना करता येत नाही. तरी यंत्राची पिढी बदलली की उत्तर बदलतं, हे दिसतंच. आणि नाण्याची दुसरी बाजू: ई-सिगरेटवर सुटलेल्या दर पाचांतले चार जण वर्षानंतरही ई-सिगरेट ओढतच होते.

आता या कथेतला खलनायक. जास्त निकोटिन, जास्त वेगाने, हे सूत्र एकदा सापडल्यावर कुणीतरी ते टोकाला नेणार हे उघड होतं. २०१५ च्या जूनमध्ये अमेरिकेत 'ज्यूल' आली. पेन ड्राइव्हएवढी. निकोटिनमध्ये बेंझॉइक आम्ल घालून त्याचा क्षार केलेला, त्यामुळे पाच टक्के निकोटिनही घशाला टोचत नाही. भरायची भानगड नाही, शिकायचं काही नाही. इंजिनियर म्हणून बघितलं तर पहिल्यांदा घेणाऱ्यासाठी आदर्शच! पण पहिल्यांदा घेणारे कोण, हे यंत्र विचारत नाही. २०१९ च्या सरकारी पाहणीत अमेरिकेतल्या हायस्कूलच्या २७.५ टक्के मुलांनी गेल्या महिनाभरात ई-सिगरेट ओढल्याचं सांगितलं. त्यातल्या कित्येकांनी सिगरेटला कधी हातही लावला नसेल. त्याच वर्षी फुप्फुसाच्या गंभीर आजाराची साथ आली, २,८०७ जण रुग्णालयात आणि ६८ मृत्यू. त्याचा ठपका मुख्यतः गांजाच्या अर्काच्या काळ्या बाजारातल्या काडतुसांवर आणि त्यातल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर आला, पण भीती सगळ्यांबद्दल बसली. भारताने बंदीचं कारण दिलं ते तरुण मुलांचं. सिगरेट आणि बिडी मात्र टपरीवर सुटी मिळत राहिली, यावर प्रत्येकाने आपापलं मत करून घ्यावं.

ब्रिटनने वेगळी वाट धरली. १९६२ साली सिगरेटविरुद्ध अहवाल काढणाऱ्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनेच २०१६ साली सांगितलं की सिगरेट सोडायला ई-सिगरेट वापरू द्या. पण मोकाट नाही. मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची मर्यादा, टाकी दोन मिलिलिटरची, अठराखालच्यांना विक्री बंद. आणि रंगीबेरंगी वापरा-फेका मॉडेलं इथेही मुलांच्या हातात गेलीच, म्हणून १ जून २०२५ पासून त्यांची विक्रीही बंद.

असो. आता परत पुण्याकडे.

मित्राला मी विचारलं, "गम करून पाहिलास?" म्हणाला, "केला रे. दोन दिवस चघळला, उचक्या लागल्या, टाकून दिला. त्यात काही दम नाही." हे ऐकलं आणि मला २०१२ मधला मी आठवलो. हीच चूक! पुरेसं नाही, वापरायची रीत माहीत नाही, आणि ठपका स्वतःवर किंवा वस्तूवर.

तर मित्रा, तुझं पहिलं यंत्र हेच आहे, आणि ते कायदेशीर आहे. गम साध्या गमसारखा चघळायचा नाही. चार-पाचदा चावायचा, चव झोंबली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, झोंबणं गेलं की परत. आधी चहा-कॉफी नको, तोंडातली आम्लता वाढून निकोटिन शोषलं जात नाही. तुझी पहिली सिगरेट उठल्यावर अर्ध्या तासात असते, म्हणजे दोन मिलिग्रॅमचा गम तुला पुरणार नाही, चारचा लागेल. पॅच आणि गम एकत्रही देतात: पॅच दिवसभराचा पाया, गम तलफेपुरता. पण तुझं हृदय नुकतंच दुरुस्त झालंय, तेव्हा हे सगळं तुझ्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारून, त्यांच्या चिठ्ठीवर. आणि १८००-११२-३५६ ही सरकारी क्विटलाइन आहे, फुकट. त्या गाळ्यातल्या बाईंनी मला विचारलं तेच तिथे तुला विचारतील: दिवसाला किती, आणि पहिली किती वाजता.

आणखी एक. हॉन लिकने स्वतःच सांगितलंय की ई-सिगरेट शोधूनही तो मधूनमधून सिगरेट ओढत राहिला. शोध लावणाऱ्याची ही गत, तर पहिल्या फटक्यात नाही जमलं म्हणून तू लाजू नकोस.

डिसेंबरात येतोच आहे. चहा टपरीवर नको, घरी घेऊ.