दोन विटांमधील दरज

जुन्या वास्तूंचा इतिहास लिहिताना त्या कोणी बांधल्या, केव्हा बांधल्या आणि त्यांस किती खर्च आला, याची आपण नोंद करतो. विटा कशाने सांधल्या, हे सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक भिंतीचे आयुष्य विटेइतकेच दोन विटांमधील दरजेवर अवलंबून असते. दरज म्हणजे सांधा. तो कोरून, नव्या गाऱ्याने भरून त्याचे तोंड साफ करणे, यास गवंडी ‘दरजा भरणे’ म्हणतात. या सामान्य वाटणाऱ्या कामाचा आपल्या देशातील इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहोत. कारण त्यातील एक जुने शहाणपण गेल्या शंभर वर्षांत आपल्या हातून निसटत चालले आहे.

आरंभ सिंधूकाठी होतो. मोहेंजोदडो येथील घरांच्या भाजक्या विटा बहुतांशी मातीच्या गाऱ्यात बसविलेल्या आहेत. परंतु तेथील महास्नानगृहाचे कुंड सुमारे ३९ फूट लांब, २३ फूट रुंद व ८ फूट खोल असून त्यात पाणी धरावयाचे होते. तेव्हा कारागिरांनी अगदी बारीक दरजा ठेवून विटा जिप्समच्या गाऱ्यात बसविल्या आणि त्यांच्या पाठीमागे सुमारे इंचभर नैसर्गिक डांबराचा थर दिला. माती कोठे पुरते व कोठे पुरत नाही, याचा विवेक सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी या भूमीत होता. मोहेंजोदडोच्या १९२४-२५ च्या उत्खननाची धुरा पंढरपूरचे काशिनाथ नारायण दीक्षित यांच्याकडे होती आणि पुढे १९३७ मध्ये ते भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले, याचा मराठी वाचकांस अभिमान वाटावा.

सुलतानी व मोगल अमदानीत चुना आणि सुरखी यांचा गारा सर्वत्र रूढ झाला. भट्टीत भाजलेली चुनखडी पाण्यात विरवावयाची, काही दिवस मुरू द्यावयाची, मग तीत वाळू व कुटलेल्या विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळून घाणीत मळावयाची. गूळ, बेलफळाचा गर यांसारखे पदार्थही गाऱ्यात घालण्याची चाल होती. असा चुना हवेतील कर्बवायू शोषून सावकाश दगडासारखा होतो, आणि सुरखीमुळे तो ओलाव्यातही आवळतो. लखनौचा बडा इमामबाडा हे या कामाचे थोर उदाहरण होय. १७८४ च्या दुष्काळात नबाब असफउद्दौला याने लोकांस काम मिळावे म्हणून तो आरंभिला. त्याचे सुमारे १६० फूट लांब व ५० फूट रुंद मधले दालन जेमतेम इंचभर जाडीच्या लाखौरी विटा आणि चुना यांवर, एकही तुळई वा मधला खांब न घेता उभे आहे. पुण्यास १७३२ मध्ये पूर्ण झालेल्या शनिवारवाड्याचा तटही खाली दगडी व वर विटांचा आहे. सह्याद्रीतील कित्येक गडांवर चुन्याच्या घाणीचे दगडी चाक आजही पाहावयास मिळते.

या सर्व कामांत एक तत्त्व समान आहे: दरज विटेहून मऊ असावी. भिंत थंडीउन्हाने किंचित हलते, तो ताण मऊ दरज सोसते. जमिनीतून चढलेली वा पावसाने मुरलेली ओल दरजेतून बाहेर पडते आणि तिच्याबरोबरचे क्षारही तेथेच साठतात. कालांतराने दरज झिजते, ती पुन्हा भरावी लागते. पण वीट शाबूत राहते. झिजणे हेच तिचे काम आहे.

१८२४ मध्ये इंग्लंडात जोसेफ अॅस्पडिन याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. आपल्याकडे १९१४ मध्ये पोरबंदर येथील कारखान्यातून सिमेंट बाहेर पडू लागले आणि चुन्याच्या घाणी हळूहळू थंडावल्या. नव्या वीटकामास सिमेंट उपकारक ठरले, याबद्दल वाद नाही. परंतु जुन्या चुन्याच्या भिंतींच्या दरजाही सिमेंटने भरल्या जाऊ लागल्या, तेथे अनर्थ झाला. सिमेंटची दरज घट्ट. ओलीस वाट न उरल्याने ती विटेतून बाहेर पडते. विटेच्या छिद्रांत क्षारांचे स्फटिक वाढतात, लोणा धरतो व विटेचे पापुद्रे सुटतात. विटा झिजून आत गेलेल्या आणि सिमेंटच्या दरजा जाळीसारख्या पुढे उरलेल्या भिंती अनेक जुन्या शहरांत दिसतात. ही दुरुस्ती नव्हे, सावकाश केलेला विध्वंस होय.

जॉन मार्शल यांनी १९२३ मध्ये वास्तुसंरक्षणाची जी नियमपुस्तिका प्रसिद्ध केली, तिचा रोख जुने काम राखण्यावर आहे, ते नवे करून दाखविण्यावर नाही. तोच दंडक दरजेसही लागू पडतो. सुटलेला गारा तेवढाच हाताने, विटेची कड न दुखविता, अर्धा ते पाऊण इंच कोरावा; दरज झाडून धुवावी व ओली करावी; चुन्याचा गारा अरुंद करणीने दाबून भरावा आणि विटेच्या तोंडावर न फासता किंचित आत ठेवावा. मग ओली तरटे लावून तो हळूहळू वाळू द्यावा. मजुरी अधिक पडते, दिवसही अधिक लागतात. पण भिंत वाचते.

महाराष्ट्राबाहेर ठिकठिकाणी मराठी माणसांनी वर्गण्या जमवून सभागृहे, शाळा व देवळे उभारली. त्यांपैकी ज्या वास्तू चुन्याच्या वीटकामाच्या आहेत, त्यांच्या चालकांस आमची विनंती आहे, की सुवर्णमहोत्सवाच्या रंगरंगोटीपूर्वी एकदा दरजा पाहाव्यात आणि चुन्याचे काम जाणणारा वृद्ध गवंडी गावात असेल, तर त्याच्या हाताखाली एखादा तरुण बसवावा. वास्तू पुढल्या पन्नास वर्षांस स्वाधीन करावयाची, तर ती विद्याही तिच्यासोबत दिली पाहिजे.