बाळोते

बाळोते (अनेकवचन: बाळोती) म्हणजे तान्ह्या बाळाचे मलमूत्र टिपून घेण्यासाठी त्याच्या कमरेभोवती गुंडाळले किंवा अंगाखाली घातले जाणारे सुती कापड होय. कमरेला बंदांनी बांधता येईल अशा बेताने शिवलेल्या बाळोत्यास लंगोट म्हणतात. महाराष्ट्रात बाळोती व लंगोट परंपरेने घरीच, बहुधा जुन्या लुगड्यांच्या व धोतरांच्या मऊ कापडातून केले जातात. एकदा वापरून फेकून द्यावयाच्या डायपरचा प्रसार झाल्यावर शहरांत त्यांचा वापर घटला. तथापि नवजात बाळासाठी आणि दिवसाच्या वेळी ती अजूनही अनेक घरांत वापरली जातात.

संज्ञा

बाळोते हा शब्द व्यापक असून त्यात साधे चौकोनी फडके व शिवलेला लंगोट या दोहोंचा समावेश होतो. दुपटे हे त्याहून मोठे असते. नावाप्रमाणे ते दोन पट जोडून केलेले असते व बाळाला गुंडाळण्यासाठी किंवा अंथरण्यासाठी वापरतात. लंगोट ही संज्ञा पैलवानांच्या वस्त्रालाही लागू असल्याने बाळाच्या संदर्भात पुष्कळदा ‘बाळलंगोट’ असे म्हटले जाते. इंग्रजीतून आलेल्या ‘नॅपी’ या शब्दाचे मूळ हातपुसणे या अर्थाच्या ‘नॅपकिन’मध्ये आहे, तर ‘डायपर’ हे मुळात बारीक शंकरपाळी नक्षीच्या विणीचे नाव होते. ते पुढे त्या कापडाला व नंतर त्यापासून केलेल्या वस्त्राला मिळाले.

इतिहास

बाळाच्या वस्त्रांच्या स्वच्छतेचा विचार भारतीय वैद्यकात प्राचीन आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात बाळाचे अंथरूण-पांघरूण मऊ, हलके, स्वच्छ व सुगंधी असावे असे सांगितले आहे. घाम, मळ व मलमूत्राने खराब झालेली वस्त्रे टाकून द्यावीत. दुसरी मिळण्यासारखी नसतील तर तीच नीट धुऊन, धूप देऊन, स्वच्छ व पूर्ण कोरडी झाल्यावर वापरावीत, असा तेथील निर्देश आहे.

युरोप-अमेरिकेत चौकोनी कापड घडी घालून टाचणीने अडकवण्याची पद्धत होती. वॉल्टर हंट या अमेरिकी कारागिराने १८४९ मध्ये सेफ्टी पिनचे पेटंट घेतले. मॅरियन डोनोव्हन यांनी १९४६ मध्ये न्हाणीघराच्या पडद्याच्या कापडातून बाळोत्यावर घालावयाचे जलरोधक आवरण शिवले. त्यात पिनांऐवजी टिचबटणे होती. १९६१ मध्ये ‘पॅम्पर्स’ हे फेकून देण्याजोगे डायपर अमेरिकेत बाजारात आले. १९८० च्या दशकात डायपरमध्ये अतिशोषक बहुवारिकाचा वापर सुरू झाल्यावर ते पातळ व अधिक काळ टिकणारे झाले.

कापडाची निवड

बाळोत्यासाठी शुद्ध सुती कापडच वापरतात. कृत्रिम धाग्याचे कापड पाणी शोषत नाही आणि त्वचेवर ओल व उष्णता कोंडून ठेवते. वापरातील प्रमुख कापडे पुढीलप्रमाणे:

• जुने लुगडे किंवा धोतर: अनेक धुण्यांनी खळ निघून गेलेली व धागा मऊ पडलेला असल्याने ते नवजात बाळासाठी सर्वांत योग्य मानले जाते. उजेडासमोर धरून विरलेला भाग ओळखता येतो, तो वगळतात. जरीचे काठ, पदर व खरखरीत भरतकामही कापून टाकतात.
• मलमल: पातळ व लवकर वाळणारे, मात्र दोन ते चार पदर घ्यावे लागतात.
• मांजरपाट: टिकाऊ व स्वस्त. न धुतलेल्या या कापडात खळ आणि कापसाचा नैसर्गिक मेणट अंश असतो, त्यामुळे ते प्रारंभी पाणी नीट टिपत नाही. दोन-तीन वेळा गरम पाण्यात उकळून धुतल्यावर ते वापरण्याजोगे होते.
• होजिअरी: जुन्या बनियनचे ताणले जाणारे कापड, आतील घडीसाठी उपयुक्त.
• टर्किश टॉवेलचे कापड: सर्वांत शोषक, परंतु जाड असल्याने वाळायला वेळ लागतो. रात्रीच्या घडीत मधला पदर म्हणून ते घालतात.

नवे सुती कापड धुतल्यावर आटते. म्हणून ते कापण्यापूर्वी धुऊन, वाळवून घेणे आवश्यक असते.

कापडाचा हिशेब

नवजात बाळाचे दिवसरात्रीत दहा-बारा किंवा त्याहून अधिक वेळा बाळोते बदलावे लागते. रोज धुण्याची सोय असल्यास २४ ते ३० लंगोट पुरतात. पावसाळ्यात कपडे लवकर वाळत नसल्याने दहा-बारा अधिक ठेवतात. सुमारे आठ मीटर लांबीच्या नऊवारी लुगड्यातून, पदर व विरलेला भाग वगळता, ४८ सेंटिमीटर बाजूचे २५ ते ३० चौकोन निघतात. पाचवारी साडीतून असे पंधरा ते अठरा चौकोन मिळतात.

त्रिकोणी लंगोट शिवण्याची पद्धत

पुढील मापे साधारण तीन ते पाच किलो वजनाच्या बाळासाठी आहेत.

१. धुतलेल्या कापडाचा ४८ सेंटिमीटर बाजूचा चौकोन आडव्या-उभ्या धाग्याला धरून कापावा. धागा तिरका गेल्यास लंगोट धुतल्यावर वेडावाकडा होतो.
२. बंदांसाठी त्याच कापडाच्या ३ सेंटिमीटर रुंद व २० सेंटिमीटर लांब अशा दोन पट्ट्या कापाव्यात. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही लांब कडा व एक टोक आत दुमडून, पट्टी मध्ये घडी घालून टीप मारावी.
३. चौकोन कर्णावर, सुलट बाजू आत येईल असा दुमडावा. कर्णावर घडी आल्याने कमरेकडील कडेला शिवण येत नाही.
४. घडीच्या दोन्ही टोकांशी एकेक बंद दोन पदरांच्या मध्ये ठेवावा. बंदाचे मोकळे टोक आतल्या बाजूस असावे.
५. उरलेल्या दोन बाजूंना कडेपासून १ सेंटिमीटरवर टीप मारावी. एका बाजूच्या मध्यावर ६-७ सेंटिमीटर जागा न शिवता सोडावी. हाताने शिवताना येथे साधा धावदोरा पुरत नाही. उलटी टीप घालावी.
६. कोपऱ्यांचे जादा कापड छाटून, मोकळ्या जागेतून लंगोट सुलट करावा. मोकळी जागा बारीक टाक्यांनी बंद करावी.
७. तिन्ही बाजूंनी कडेपासून अर्ध्या सेंटिमीटरवर वरून टीप मारावी. कर्णावरची घडी उरेब असल्यामुळे ती कमरेला किंचित ताणली जाते. परंतु वरची टीप नसल्यास काही धुण्यांतच ती सैल पडते.

तयार लंगोट कमरेकडे सुमारे ६५ सेंटिमीटर लांब व मध्यभागी ३२ सेंटिमीटर खोल होतो. कच्च्या शिवणी दोन पदरांच्या आत राहत असल्याने त्या त्वचेला घासत नाहीत. बाळ पाच किलोंच्या वर गेल्यावर चौकोन ५५ ते ६० सेंटिमीटरचा घेतात. मागील पिढीत खालच्या टोकाला कापडी फास शिवून त्यातून बंद ओवण्याचीही पद्धत होती. त्यामुळे लंगोट खाली सरकत नसे.

आतील घडी

जास्त ओल टिपण्यासाठी लंगोटात स्वतंत्र घडी ठेवतात. १२ सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर लांब असे चार ते सहा पदर कडेने शिवले की घडी तयार होते. ती लंगोटाला कायमची जोडल्यास जाड भाग आतून ओलसर राहतो. सुटी ठेवल्यास दोन्ही लवकर वाळतात. मुलग्यासाठी घडीचा जाड भाग पुढे, तर मुलीसाठी मध्यभागी व मागे ठेवतात.

बांधण्याची रीत

त्रिकोणाची लांब बाजू बाळाच्या पाठीमागे कमरेखाली येईल असे ठेवून खालचे टोक दोन्ही पायांमधून पुढे घेतात. नंतर दोन्ही बाजूंची टोके पोटावर आणून बंद बाजूला सैल बांधतात. बंद व पोट यांच्यामध्ये दोन बोटे सहज जातील इतकी मोकळीक असावी. नाळ गळून पडेपर्यंत लंगोट बेंबीच्या खाली बांधतात, म्हणजे ती जागा कोरडी राहते. बंद २० सेंटिमीटरपेक्षा लांब ठेवू नयेत. लांब बंद बोटांना किंवा पायाला गुंडाळले जाऊ शकतात. बाळाचे पाय सरळ ताणून, एकमेकांना चिकटवून घट्ट गुंडाळल्याने खुब्याच्या सांध्याची वाढ बिघडू शकते. म्हणून गुडघे वाकवून मांड्या बाहेर फाकवता येतील इतकी जागा लंगोटात व दुपट्यात असणे आवश्यक आहे.

धुणे व वाळवणे

शी झालेल्या बाळोत्यातील मळ प्रथम शौचालयात काढून टाकतात व बाळोते गार पाण्यात खळबळतात. प्रारंभीच गरम पाणी वापरल्यास डाग पक्के बसतात. त्यानंतर सौम्य साबणाने धुऊन, साबणाचा अंश राहणार नाही इतक्या वेळा स्वच्छ पाण्यातून काढतात. उरलेला साबण त्वचेला झोंबतो. कपडे मऊ करणारी द्रावणे धाग्यावर थर धरतात व कापडाची शोषणक्षमता कमी करतात. खळही देत नाहीत. बाळाला जुलाब किंवा बुरशीचा संसर्ग झाला असल्यास बाळोती दहा-पंधरा मिनिटे उकळणे हितावह असते. भिजवणीच्या बादलीला घट्ट झाकण असावे, कारण घरात रांगते मूल असल्यास उघडी बादली जीवघेणी ठरू शकते.

ऊन हे बाळोती वाळवण्याचे उत्तम साधन आहे. पावसाळ्यात शेगडीवर बांबूची टोपली उपडी घालून तीवर बाळोती वाळवण्याची पद्धत जुन्या घरांत होती. धुराचा बाळाच्या श्वसनमार्गाला त्रास होतो, म्हणून हे काम बाळाच्या खोलीबाहेर करणे इष्ट. हल्ली पंख्याखाली वाळवून इस्त्री फिरवतात. दमट बाळोते कधीही वापरू नये.

आरोग्य

ओल्या बाळोत्यामुळे होणारा मुख्य विकार म्हणजे लंगोटाच्या जागी येणारे पुरळ. सततच्या ओलीने त्वचेचा वरचा थर फुगून नाजूक होतो. शी व शू एकत्र आल्यास अमोनिया निर्माण होऊन त्वचेवरील आम्लता कमी होते, आणि शीतील पाचक विकरे अधिक तीव्रतेने त्वचेवर परिणाम करतात. म्हणून शी झाल्यावर बाळोते तत्काळ बदलणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. त्वचा कोमट पाण्याने धुऊन, न चोळता टिपून घेतात, दिवसातून काही वेळ बाळाला लंगोटाविना ठेवतात आणि गरजेनुसार झिंक ऑक्साइडयुक्त मलम लावतात. जांघेच्या वळ्यांत लालभडक चट्टा व भोवती सुटे ठिपके दिसल्यास बुरशीचा संसर्ग असण्याची शक्यता असते. त्यासाठी, तसेच फोड, पू किंवा ताप असल्यास अथवा पुरळ दोन-तीन दिवसांत न ओसरल्यास डॉक्टरांचा सल्ला आवश्यक असतो.

सुती बाळोत्याचा एक वैद्यकीय उपयोग सहसा लक्षात येत नाही. त्याची ओल लगेच कळत असल्याने बाळाने किती वेळा शू केली हे मोजता येते. साधारण सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत किमान सहा बाळोती ओली होणे हे बाळाला पुरेसे दूध मिळत असल्याचे लक्षण मानले जाते. अतिशोषक डायपरमध्ये ही मोजणी अवघड होते.

पर्यावरण व श्रम

फेकून देण्याजोग्या डायपरमध्ये प्लास्टिक, लाकडाचा लगदा व अतिशोषक बहुवारिक असते; त्यांचे सहज विघटन होत नाही. भारताच्या घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार वापरलेले डायपर उत्पादकाने दिलेल्या पिशवीत किंवा योग्य वेष्टनात गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकणे नागरिकांवर बंधनकारक करण्यात आले. तरीही उघडे टाकलेले डायपर कचरावेचकांना हाताने वेगळे करावे लागतात. पुण्यातील कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने असा कचरा कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची मोहीम राबवली, जेणेकरून तो न उघडताच ओळखता यावा.

सुती बाळोतीही पूर्णतः निर्दोष नाहीत, कारण त्यांना पाणी, साबण व ऊर्जा लागते. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अडीच वर्षांच्या वापरात दोन्ही प्रकारांचा हवामानावरील सरासरी परिणाम जवळपास सारखा आढळला: डायपरचा सुमारे ५५० किलो व कापडी बाळोत्यांचा सुमारे ५७० किलो कार्बन डायऑक्साइडइतका. मात्र यंत्र पूर्ण भरून धुणे, बाहेर दोरीवर वाळवणे आणि तीच बाळोती दुसऱ्या अपत्यासाठी वापरणे, यांमुळे कापडी बाळोत्यांचा परिणाम सुमारे ४० टक्क्यांनी घटतो. हाताने धुऊन उन्हात वाळवणे व धाकट्या भावंडांना तीच बाळोती वापरणे ही महाराष्ट्रातील रूढ रीत या निष्कर्षाशी जुळणारी आहे.

दुसरा प्रश्न श्रमांचा आहे. रोजची दहा-बारा बाळोती धुण्याचे काम बहुतांशी घरातील स्त्रियांवर, किंवा बाळंतिणीसाठी ठेवलेल्या मदतनीस बाईवर पडते. बाळंतिणीला विश्रांतीची गरज असते त्याच काळात हे काम सर्वाधिक असते. पाण्याची टंचाई, लहान घरे आणि नोकरीच्या वेळा यांमुळे अनेक कुटुंबांनी डायपर स्वीकारले. त्यामुळे दिवसा घरी लंगोट आणि रात्री किंवा प्रवासात डायपर, अशी मिश्र पद्धत शहरांत रुळली आहे.

सामाजिक संदर्भ

महाराष्ट्रात बाळंतिणीला दिल्या जाणाऱ्या बाळंतविड्यात झबली, टोपडी, कुंची व दुपटी यांबरोबर लंगोटही असतात. अनेक कुटुंबांत बारशापर्यंत बाळाला नवे कापड न घालता घरातील वडीलधाऱ्यांच्या वापरलेल्या वस्त्रांचीच बाळोती वापरतात. यामागे आशीर्वादाची भावना सांगितली जाते. जुन्या कापडाचा मऊपणा हे त्याचे व्यावहारिक कारण होय. तिन्हीसांजेनंतर बाळोती बाहेर वाळत ठेवू नयेत, हा संकेतही रूढ आहे; दव व किडे यांपासून कापडाचे रक्षण हा त्याचा प्रत्यक्ष लाभ होतो. शिवणवर्गांत झबले व टोपड्याबरोबर लंगोट हा प्रारंभीचा धडा असतो, कारण त्यात सरळ टीप, दुमड, कोपरा व बंद ही मूलभूत कौशल्ये एकत्र येतात. विरलेली बाळोती पुढे गोधडीच्या आतील थरात किंवा पुसण्याच्या फडक्यासाठी वापरली जातात.

हे सुद्धा पहा

• बाळंतविडा
• कुंची
• गोधडी
• बारसे