पोशाखाची संगत

इंदूरचे पोलोग्राउंड म्हटले की आज कारखाने डोळ्यांपुढे येतात. नावात मात्र होळकरशाहीतला खेळ टिकून आहे. आणि त्या खेळाला गुडघ्यापर्यंतचे बूटच लागतात. कोणत्या पोशाखाखाली कोणते जोडे आणि त्यासोबत कोणते पेय, याच्या चढाओढी हल्ली दूरचित्रवाणीवर चालतात. इंदुरात या संगतीचा ध्यास महाराजा यशवंतराव होळकरांना फार पूर्वीच लागला होता.

फ्रेंच चित्रकार बर्नार बुते द मोंव्हेल याने त्यांची दोन चित्रे रंगविली. १९२९ च्या चित्रात काळा टेलकोट, पांढरा बो नि खांद्यावरून रुळणारा झगा; १९३४ च्या चित्रात मराठेशाही पगडी नि शुभ्र अंगरखा. माणूस एकच, रिवाज मात्र निराळे. पहिल्या वेषाला चकचकीत काळे बूट नि हाती कॉकटेलचा पेला शोभावा. दुसऱ्यात जोडे गादीबाहेर उतरवायचे, नि पेल्याच्या जागी अत्तर-पान. यांची सरमिसळ झाली की सोंग होते. त्या चित्रांत ती कोठेही नाही, हे मला होळकरांच्या प्रख्यात हिऱ्यांहूनही मोलाचे वाटते.

एकार्ट मुथेसिउस या जर्मन वास्तुशिल्पज्ञाने १९३० च्या सुमारास उभारलेल्या माणिकबागेत हीच संगत खुर्च्यांपासून प्विफोरकाच्या चांदीच्या काट्याचमच्यांपर्यंत पोहोचली होती. महाराणी संयोगितादेवी १९३७ साली स्वित्झर्लंडमध्ये निवर्तल्या. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले. १९८० साली मोनॅकोतील लिलावात तो जमवून आणलेला साज सुटासुटा विकला गेला. माणिकबागेत पुढे सरकारी करखात्याची कचेरी आली.